घरातील वजनांचा संच कमी खर्चात सुधारणे : आधी काय, नंतर काय



वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या अनेकांकडे पलंगाखाली एक ओळखीचा संच असतो. बाहेरून प्लास्टिक आणि आत सिमेंट भरलेल्या काही प्लेट्स, पाच फुटी सरळ रॉड, तीन फुटी वाकडा रॉड, डंबेलचे दोन छोटे रॉड आणि काही लॉक. जमलेच तर एक घडीचा बेंच. सहा महिने नियमित व्यायाम झाला की हा संच अपुरा वाटू लागतो आणि हातात थोडे पैसे आले की बहुतेक जण आणखी प्लेट्स विकत घेतात.

माझ्या मते प्लेट्स ही सर्वांत शेवटी करायची खरेदी आहे. संच अपुरा पडतो तो बहुधा एकूण वजन कमी म्हणून नव्हे. वजन वाढवण्याच्या पायऱ्या फार मोठ्या असतात, किंवा रॉड, लॉक आणि स्टँड वाढीव वजन सुरक्षितपणे पेलू शकत नाहीत, ही खरी अडचण असते. या पाठात आपण पहिल्या वर्षाचे इंजिनिअरिंग मेकॅनिक्स आणि दुसऱ्या वर्षाचे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स वापरून खर्चाचा क्रम ठरवू. इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही आकडेमोड समजेल; बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

हा विषय मला जवळचा का, तेही सांगतो. विद्यार्थी असताना मी खोलीवर बेंच प्रेस करत असे. रॉड पोकळ होता आणि बेंचचे दोन खांब जेमतेम दोन फूट अंतरावर होते. व्यायाम संपल्यावर मी एका बाजूच्या सगळ्या प्लेट्स काढल्या आणि त्याच क्षणी रॉड दुसऱ्या बाजूला उलटला. फरशी फुटली. खोलीमित्राचा पाय वीतभर अंतरावर होता. त्या आठवड्यात वर्गात आम्ही मोमेंटचीच गणिते सोडवत होतो, पण ती खोलीवर वापरावीत हे सुचले नव्हते.

१. आधी मोजमाप

खरेदीपूर्वी आहे त्या संचाची तपासणी करा. त्यासाठी वजनकाटा, मोजपट्टी आणि शक्य असल्यास प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपर एवढेच लागते.

अ) प्रत्येक प्लेटचे प्रत्यक्ष वजन करा. ओळखीच्या किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काटा चालेल. प्लेटवर छापलेला आकडा आणि काट्यावरचा आकडा सारखा असेलच असे नाही. खडूने किंवा रंगाने खरे वजन प्लेटवर लिहा आणि जवळजवळ सारख्या वजनांच्या जोड्या लावा.

आ) रॉडचा व्यास आणि प्लेटच्या छिद्राचा व्यास मोजा. घरगुती संचात रॉड साधारण २५ ते २८ मिमीचा असतो. स्पर्धेतील पुरुषांच्या रॉडची पकड २८ मिमी, प्लेट बसते ते टोक ५० मिमी, लांबी २.२ मीटर आणि वजन २० किलो असते. महिलांचा रॉड २५ मिमी पकडीचा, २.०१ मीटर लांब आणि १५ किलोचा असतो. म्हणजे ‘लहान छिद्र’ आणि ‘५० मिमी छिद्र’ अशा दोन वेगळ्या पद्धती आहेत. तुम्ही कोणत्या पद्धतीत राहणार, हे एकदाच ठरवा. निम्मा संच एका पद्धतीचा आणि निम्मा दुसऱ्या पद्धतीचा असेल तर दोन्हीकडचे पैसे वाया जातात.

इ) रॉड पोकळ आहे की भरीव, ते पाहा. क्रोमचा मुलामा आणि टोकाची बुचे यांमुळे नुसते बघून कळत नाही, पण वजन केल्यावर कळते. २५ मिमी व्यासाचा १.५ मीटर लांब भरीव पोलादी रॉड घेऊ. पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर.

क्षेत्रफळ = ३.१४ × २५² ÷ ४ = ४९१ चौ. मिमी
वजन = ०.०००४९१ × १.५ × ७८५० = सुमारे ५.८ किलो

तोच रॉड २ मिमी जाडीच्या पाइपचा असेल तर क्षेत्रफळ १४४.५ चौ. मिमी आणि वजन फक्त १.७ किलो भरते. फरक तिपटीहून जास्त असल्यामुळे साध्या काट्यावरही शंका उरत नाही.

२. पहिली सुधारणा : छोट्या प्लेट्स

ताकद वाढते ती भार हळूहळू वाढवत नेल्याने. घरगुती संचात सर्वांत लहान प्लेट बहुधा अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना एकेक लावली की एकदम ५ किलो वाढतात. डोक्यावर ३० किलो उचलणाऱ्याला ही १६.७ टक्के वाढ झाली. मांड्यांच्या व्यायामात ती कदाचित पेलवेल, पण खांद्यांच्या व्यायामात बहुतेकांची गाडी इथेच अडते. मग ‘माझी प्रगती थांबली’ अशी समजूत होते. प्रत्यक्षात पायरी फार उंच असते. हीच वाढ १ किलोची केली तर ती ३.३ टक्के होते.

वेटलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही वजन १ किलोने वाढवता येते. टोकियो ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूने रौप्यपदक मिळवले तेव्हा स्नॅचमध्ये तिने ८७ किलो उचलले होते. हा आकडा पाचाच्या किंवा अडीचच्या पटीत नाही. पदक मिळवणाऱ्या खेळाडूला एकेका किलोची पायरी लागते, तर नवशिक्याला ती नक्कीच हवी.

अशा प्लेट्स बनवून घेणे सोपे आहे. समजा, आपल्याला अर्ध्या किलोची चकती हवी आहे. माइल्ड स्टीलचा १० मिमी जाडीचा पत्रा, बाहेरचा व्यास ९५ मिमी, मधले छिद्र ३० मिमी.

क्षेत्रफळ = ३.१४ × (९५² – ३०²) ÷ ४ = सुमारे ६३८० चौ. मिमी
घनफळ = ६३८० × १० = ६३,८०० घन मिमी
वजन = ०.००००६३८ × ७८५० = ०.५० किलो

फॅब्रिकेशनच्या दुकानात १० मिमी पत्र्याचे कटपीस पडलेले असतात. अशा दोन चकत्या कापून, कडा घासून आणि गंज लागू नये म्हणून रंगवून घ्या. रंग आणि कटिंग यांमुळे वजनात थोडा फरक पडेल, पण दोन्ही चकत्या सारख्या असल्या की पुरे. शिवाय एक-एक किलोची जोडी केली तर १ किलोच्या पायरीने ५ किलोंमधील जवळजवळ सर्व आकडे मिळतात : अर्ध्याची जोडी १ किलो, एकची जोडी २ किलो, दोन्ही मिळून ३ किलो.

पाण्याच्या बाटल्या किंवा पिशव्या रॉडला लटकवू नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो हा हिशोब बरोबर असला, तरी लटकणारे वजन झोके घेते आणि रॉडचा तोल जातो.

३. दुसरी सुधारणा : लॉक

संपूर्ण संचात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे लॉक. रॉड किंचित तिरका झाला की प्लेट बाहेरच्या बाजूला सरकते. प्लेट जितकी बाहेर जाते तितका त्या बाजूचा मोमेंट वाढतो, रॉड आणखी तिरका होतो आणि प्लेट आणखी सरकते. चूक स्वतःलाच वाढवत नेते, म्हणून ती सावरायला वेळ मिळत नाही.

स्प्रिंगचे लॉक सैल झाले असतील तर बदला. स्क्रूचे लॉक असतील तर आटे झिजले आहेत का, ते पाहा. लॉक रॉडच्या व्यासाचाच घ्या. २८ मिमीचा लॉक २५ मिमीच्या रॉडवर कापड गुंडाळून बसवणे हा उपाय नव्हे.

येथे एक प्रामाणिक अडचण सांगायला हवी. एकट्याने बेंच प्रेस करणारे काही जण मुद्दाम लॉक लावत नाहीत. रॉड छातीवर अडकलाच तर तो तिरका करून प्लेट्स पाडता याव्यात, असा त्यामागचा विचार असतो. अडचण खरी आहे, पण एका बाजूच्या प्लेट्स पडताच दुसरी बाजू झटक्याने खाली जाते. खरा उपाय खालून आधार असणे हा आहे. तो आपण पाचव्या भागात पाहू. तो आधार मिळेपर्यंत एकट्याने बेंच प्रेस करू नका. तोच व्यायाम डंबेलने करा. डंबेल दोन्ही बाजूंना खाली सोडता येतात, ते मानेवर अडकत नाहीत.

४. तिसरी सुधारणा : रॉड

आता मुख्य गणित. खांद्यांवर रॉड घेऊन बैठका मारताना (स्क्वॉट) रॉडला आधार मिळतो तो खांद्यांवर, मध्यापासून सुमारे २० सेंमीवर. पाच फुटी रॉडवर प्लेट्सचा मध्य साधारण ६० सेंमीवर येतो. म्हणजे आधारापासून भारापर्यंत ४० सेंमी अंतर. दोन्ही बाजूंना मिळून ६० किलो प्लेट्स असतील तर एका बाजूला ३० किलो.

बल = ३० × ९.८१ = २९४ न्यूटन
बेंडिंग मोमेंट = २९४ × ०.४ = सुमारे ११८ न्यूटन-मीटर

बेंडिंग स्ट्रेस काढण्यासाठी या मोमेंटला सेक्शन मॉड्युलसने भागायचे. भरीव गोल रॉडसाठी सेक्शन मॉड्युलस = ३.१४ × व्यासाचा घन ÷ ३२.

• २५ मिमी भरीव रॉड : सेक्शन मॉड्युलस १५३४ घन मिमी, स्ट्रेस ७७ मेगापास्कल
• २५ मिमी पाइप, २ मिमी जाडी : सेक्शन मॉड्युलस ७७० घन मिमी, स्ट्रेस १५३ मेगापास्कल

साध्या माइल्ड स्टीलची यील्ड स्ट्रेंथ २५० मेगापास्कल धरतात. दोन्ही रॉड टिकतील असे वाटेल, पण हे झाले स्थिर भाराचे गणित. बैठकेच्या तळाशी भार थांबतो आणि दिशा बदलतो. अचानक लावलेल्या भाराचा स्ट्रेस स्थिर भाराच्या दुप्पट असतो, हे तुम्ही शिकला आहात. सुरक्षिततेसाठी तोच गुणक इथे घेऊ.

• भरीव रॉड : १५३ मेगापास्कल, मर्यादेच्या बराच आत
• पाइप : ३०६ मेगापास्कल, मर्यादेच्या बाहेर

म्हणजे ६० किलो प्लेट्सना पोकळ रॉड कायमचा वाकू शकतो, आणि तेही तुम्ही खाली बसलेले असताना. या हिशोबाने पाइपच्या रॉडवर ३० ते ३५ किलोंच्या पुढे जाऊ नये. रॉड सपाट फरशीवर ठेवून फिरवा. मधला भाग वरखाली होताना दिसला तर रॉड वाकलेला आहे. तो सरळ करून वापरण्यापेक्षा भंगारात द्या.

नवा रॉड घेताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, व्यासाचा परिणाम घनाने होतो. २५ ऐवजी २८ मिमीचा भरीव रॉड घेतला तर व्यास १२ टक्केच वाढतो, पण सेक्शन मॉड्युलस १.४ पट होतो. तुमच्या प्लेटच्या छिद्रात २८ मिमी सहज जात असेल तर तोच घ्या.

दुसरी, धातू महत्त्वाचा. पोलादाच्या बाजारात ईएन-८ नावाने मिळणारा ब्राइट बार मध्यम कार्बनचा, म्हणजे सुमारे ०.४ टक्के कार्बनचा असतो आणि माइल्ड स्टीलपेक्षा मजबूत असतो. तो शाफ्टसाठी वापरतात. लेथवाल्याकडून कडा गोल करून आणि पकडीच्या जागी हलकी नर्लिंग करून घेतली की उत्तम रॉड तयार होतो.

तिसरी, जुगाड टाळा. पाण्याच्या पाइपमध्ये काँक्रीट भरल्याने वजन वाढते, वाकण्याच्या ताकदीत मात्र फारशी भर पडत नाही, कारण काँक्रीट ताणात तडकते. दोन तुकडे मध्ये वेल्डिंगने जोडून लांब रॉड करू नका. मोमेंट मध्यभागीच सर्वांत जास्त असतो. बांधकामाची सळई हातात टोचते आणि तिच्या उंचवट्यांवर लॉक नीट बसत नाही.

५. चौथी सुधारणा : स्टँड आणि सुरक्षा आधार

सुरुवातीला सांगितलेल्या प्रसंगाचे गणित आता करू. रॉड दोन खांबांवर आहे. फक्त एका बाजूला प्लेट्स आहेत. त्या बाजूचा खांब हा टेकू समजा. प्लेट्सचा मोमेंट रॉड उलटवू पाहतो आणि रॉडचे स्वतःचे वजन त्याला रोखते.

खांब ६० सेंमी अंतरावर असतील तर टेकू मध्यापासून ३० सेंमीवर. प्लेट्सचा मध्य ६० सेंमीवर, म्हणजे टेकूपासून ३० सेंमी बाहेर. रॉडचे वजन मध्यभागी, म्हणजे टेकूपासून ३० सेंमी आत. दोन्ही अंतरे सारखी, म्हणून प्लेट्स रॉडच्या वजनापेक्षा जरा जास्त झाल्या की रॉड उलटणार. माझा रॉड पोकळ होता, म्हणजे जेमतेम १.७ किलोचा आणि प्लेट्स २० किलोच्या. रॉड उलटला यात नवल काहीच नव्हते.

खांब ९० सेंमी अंतरावर असतील तर टेकू ४५ सेंमीवर येतो. प्लेट्स टेकूपासून १५ सेंमी बाहेर, रॉडचे वजन ४५ सेंमी आत. आता रॉडच्या तिप्पट वजन चालते, ५.८ किलोच्या भरीव रॉडला १७.४ किलो. स्टँडमधील अंतर दीडपट आणि रॉड भरीव, एवढ्या दोन बदलांनी मर्यादा दहापट वाढली.

तरीही नियम एकच : प्लेट्स आलटून पालटून काढा. एका बाजूची एक, मग दुसऱ्या बाजूची एक. डावीकडे २० आणि उजवीकडे १० किलो असतील तर ६० सेंमीच्या अरुंद बेंचवरही रॉड उलटत नाही. सरावाच्या दुसऱ्या प्रश्नात हे तुम्ही स्वतः तपासा.

स्टँड पुढे-मागे कलंडण्याचा धोका वेगळा. बाजारात मिळणारा सुटा स्टँड समजा १० किलोचा, १.१ मीटर उंच आणि त्याचा पाया पुढे-मागे ६० सेंमी आहे. रॉड परत ठेवताना तो स्टँडला आडवा धक्का देतो, तेव्हा रॉडचे वजन अजून स्टँडवर आलेले नसते.

रोखणारा मोमेंट = १० × ९.८१ × ०.३ = २९.४ न्यूटन-मीटर
कलंडवणारे बल = २९.४ ÷ १.१ = सुमारे २७ न्यूटन

म्हणजे जेमतेम पावणेतीन किलोंचा धक्का. थकलेल्या हातांनी याहून जोरात धक्का सहज बसतो. उपाय स्वस्त आहे : प्रत्येक पायावर २५ किलो वाळूची गोणी ठेवा. वजन गोणीसह ३५ किलो झाले की हेच बल सुमारे ९४ न्यूटन होते. गोणी पायाच्या दोन्ही बाजूंना विभागून ठेवा. शिवाय दोन्ही स्टँड खालच्या बाजूला आडव्या नळीने जोडून टाका.

स्टँड बनवून घ्यायचा असेल तर ५० × ५० × ३ मिमीची चौकोनी नळी मागा. तिचे वजन मीटरला ४.४ किलो भरते. साध्या जोडीला ८ मीटर नळी धरली तर सुमारे ३५ किलो पोलाद झाले. तुमच्या गावातील फॅब्रिकेशनवाला मजुरीसह किलोचा जो दर सांगेल त्याने गुणा. खर्चाचा अंदाज घरबसल्या मिळतो आणि घासाघीस करताना आपली बाजू पक्की राहते. त्याला चार गोष्टी स्पष्ट सांगा : खांबांमधले अंतर, रॉड ठेवण्याच्या आकड्याला पुढे उंच ओठ, जोडांवर चहूबाजूंनी वेल्डिंग आणि खालच्या उंचीवर दोन सुरक्षा आधार.

हे सुरक्षा आधार सर्वांत महत्त्वाचे. बेंच प्रेसमध्ये त्यांची उंची अशी ठेवा, की पाठीला नैसर्गिक कमान देऊन रॉड छातीला टेकेल, पण कमान सोडून सपाट झोपल्यावर रॉड आधारावर राहील आणि मान व छाती मोकळी होईल. आधी रिकाम्या रॉडने हे तपासा. रॉड मानेवर आला तर घरात कोणी हाक ऐकेलच, या भरवशावर व्यायाम करू नये.

स्टँडसाठी पैसे नसतील तर जमिनीवर झोपून प्रेस करता येतो, पण एक सापळा आहे. स्पर्धेतील मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिमी असल्याने जमिनीवर ठेवलेला रॉड २२५ मिमी उंच राहतो. घरगुती प्लेटचा व्यास २८० मिमी असेल तर रॉड फक्त १४० मिमीवर येतो, म्हणजे छातीच्या जाडीपेक्षा खाली. अशा प्लेट्स तुम्हाला वाचवणार नाहीत. दोन्ही बाजूंना प्लेट्सच्या खाली रुंद, भक्कम लाकडी ठोकळे ठेवा आणि आधीसारखीच रिकाम्या रॉडने उंची तपासा. विटा वापरू नका, त्या फुटतात. जमिनीवरून वजन उचलताना (डेडलिफ्ट) हेच ठोकळे उपयोगी पडतात. ८५ मिमी उंची दिली की रॉड २२५ मिमीवर येतो आणि कंबर जास्त वाकवावी लागत नाही.

६. पाचवी सुधारणा : फरशी

घरमालक आणि खालचे शेजारी, दोघांशीही संबंध टिकवायचे असतील तर हा भाग वाचा. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी चल भार २ किलोन्यूटन प्रति चौ. मीटर, म्हणजे सुमारे २०० किलो धरतात. व्यायाम करणारी व्यक्ती आणि संच खोलीत पसरून ठेवला तर सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती आपटण्याने.

६० किलो वजन अर्ध्या मीटरवरून पडले तर ऊर्जा ६० × ९.८१ × ०.५ = २९४ ज्यूल. ते किती अंतरात थांबते यावर सरासरी बल अवलंबून असते. ५ मिमीत थांबले तर सुमारे ५९ किलोन्यूटन. २५ मिमीत थांबले तर सुमारे १२ किलोन्यूटन. थांबण्याचे अंतर पाचपट केले की आघात जवळजवळ पाचपट कमी होतो.

महाग जिम मॅटऐवजी गोठ्यात गाई-म्हशींखाली अंथरतात ती जाड रबरी चटई चौकशी करून पाहा. ती जनावराच्या वजनासाठीच बनवलेली असते. खाली प्लायवूडचा तुकडा टाकला की भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो. तरीही वरच्या मजल्यावर राहत असाल तर वजन हातातून सोडू नका. हळू खाली ठेवणे हाही व्यायामाचाच भाग आहे.

७. आता प्लेट्स

इथपर्यंतची कामे झाली आणि खरोखरच वजन कमी पडू लागले, की प्लेट्स घ्या. बिडाची घनता सुमारे ७२०० आणि काँक्रीटची सुमारे २४०० किलो प्रति घनमीटर असते. म्हणून ३०० मिमी व्यासाची १० किलोची प्लेट बिडाची असेल तर साधारण २० मिमी जाड होते आणि काँक्रीटची असेल तर ५९ मिमी. रॉडच्या टोकाला २५० मिमी जागा असेल तर काँक्रीटच्या फार तर चारच प्लेट्स बसतात. स्वस्त प्लेट्सची मर्यादा इथे लागते : पैसे असतात, जागा नसते.

म्हणून थोड्या पण बिडाच्या प्लेट्स घ्या. बीड सहजासहजी खराब होत नाही, त्यामुळे जुन्या प्लेट्स घ्यायला हरकत नाही. गंज तारेच्या ब्रशने निघतो. तडा मात्र निघत नाही. प्लेट दोरीने लटकवून हातोडीने हलके ठोका. स्वच्छ नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर घेऊ नका. वजन करूनच पैसे द्या.

घरी काँक्रीटच्या प्लेट्स ओतायच्या असतील तर किमान सात दिवस ओल्या ठेवा. पूर्ण ताकद साधारण २८ दिवसांनी येते. त्या आपटू नका आणि डोक्यावर किंवा छातीवर घेण्याच्या व्यायामात वापरू नका.

सारांश

खर्चाचा क्रम असा : मोजमाप, छोट्या प्लेट्स, लॉक, भरीव रॉड, स्टँड व सुरक्षा आधार, फरशी आणि शेवटी मोठ्या प्लेट्स. पहिल्या तीन पायऱ्यांचा खर्च अगदी थोडा आहे आणि त्यांचा फायदा दुसऱ्या दिवसापासून दिसतो. प्रत्येक वाढीव किलो रॉड, लॉक, स्टँड आणि फरशी या सर्वांतून जमिनीपर्यंत पोहोचतो. या साखळीतील सर्वांत कच्ची कडी शोधा आणि पैसे तिच्यावर खर्च करा. आणि जुने दुखणे असेल तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

सरावासाठी प्रश्न

१) खांबांमधले अंतर ७० सेंमी, प्लेट्सचा मध्य रॉडच्या मध्यापासून ६० सेंमी आणि रॉड ५.८ किलोचा आहे. एकाच बाजूला जास्तीत जास्त किती किलो ठेवता येतील? (उत्तर : सुमारे ८.१ किलो)

२) खांबांमधले अंतर ६० सेंमी, रॉड १.७ किलोचा, डावीकडे २० आणि उजवीकडे १० किलो. प्लेट्सचा मध्य दोन्हीकडे ६० सेंमीवर. डाव्या खांबाभोवती मोमेंट काढून रॉड उलटेल का, ते सांगा. (उत्तर : नाही. उलटवणारा मोमेंट ५९ आणि रोखणारा सुमारे ९३ न्यूटन-मीटर)

३) पाठातील स्क्वॉटच्या उदाहरणात २८ मिमीचा भरीव रॉड घेतला तर दुप्पट भाराखालचा स्ट्रेस किती? (उत्तर : सुमारे १०९ मेगापास्कल)

४) तुमच्या स्वतःच्या रॉडचे वजन, लांबी आणि व्यास मोजा. तो भरीव आहे की पोकळ, ते गणिताने ठरवा. पोकळ असेल तर पाइपची जाडी काढा आणि तुमच्या संचातील सर्व प्लेट्स लावल्यावर स्ट्रेस किती येतो, ते तपासा. या प्रश्नाचे उत्तर येथे दिलेले नाही. ते मिळेपर्यंत रॉडवर नवे वजन चढवू नका.